गोष्टी सांगणारा हान्स अँडरसन

युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क नावाचा एक लहानसा देश आहे. त्याचा बराचसा भाग बेटांचा बनलेला असून फ्यून हे त्यांपैकी एक बेट होय. या बेटावरील ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्म झाला. त्याचे वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. धंदा बेताचाच चाले. सारे घर म्हणजे एक लहानशी खोली. तिच्यातच वडिलांचे कामाचे बाक, तिच्यातच अंथरूण आणि तिच्यातच हान्सची खेळायची जागा. स्वयंपाकघरातून शिडी लावून माळ्यावर जाता येई. तेथे छपराच्या पन्हाळीपाशी एका पेटीत माती भरून हान्सच्या आईने थोडी भाजी लावलेली होती. एवढीच काय ती त्या घराची बाग! पण पुढे अँडरसनने ‘हिमराणी’ ही कथा लिहिली, तेव्हा ही पेटी त्याच्या मनातून गेलेली नव्हती. त्या कथेतील दोन मुलांची मैत्री छपरावरच्या अशाच बागेत जुळते.

वडिलांना शिक्षणाची फार आवड होती. परंतु गरिबीमुळे त्यांना शाळा मिळाली नव्हती. हातातली आरी खाली ठेवली की ते पुस्तक उचलीत. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात ते मुलाला अरबी भाषेतील सुरस कथा वाचून दाखवीत, होल्बर्ग या नाटककाराची विनोदी नाटके वाचीत, ला फाँतेन या फ्रेंच कवीच्या प्राण्यांच्या गोष्टी सांगत. ला फाँतेनने आपल्या काही गोष्टी आपल्याकडील पंचतंत्रापासून निघालेल्या ग्रंथांतून घेतल्या होत्या. विष्णुशर्म्याच्या गोष्टींचा प्रवाह असा कोठल्या कोठे वाहत गेला होता, हे पाहून मोठा अचंबा वाटतो. वडील हातांचेही कुशल होते. दोरी ओढताच हालणारी चित्रे ते कागद कापून बनवीत. त्यांनी मुलाला बाहुल्यांचे एक छोटे नाटकघर करून दिले होते. हान्स बाहुल्यांसाठी चिंध्यांचे कपडे शिवी आणि त्यांच्या तोंडी घालायची भाषणे स्वतःच रची. इतर मुलांत मिसळण्यापेक्षा त्याला हाच खेळ प्रिय होता.

आजीकडून त्याला निराळेच धन मिळाले. गावातील एका धर्मार्थ रुग्णालयाच्या बागेची देखभाल ती करी, आणि नातवाला बरोबर नेई. तेथे निराधार म्हाताऱ्या बायका सूत काततात बसलेल्या असत. हान्स त्यांच्यापुढे खडूने चित्रे काढी व वाटेल त्या कल्पना लढवून बोलत राही. आणि त्याच्या मोबदल्यात त्या बायका त्याला गोष्टी सांगत. त्या गोष्टींत राजपुत्र आणि बोलणारी जनावरे असत, तशीच भुते, चेटकिणी आणि मृत्यूही असे. ऐकता ऐकता दिवस मावळला की हान्सला एकट्याने घराबाहेर पाऊल टाकण्याची छाती होत नसे. तरीही दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेथे हजर! हसवणारी गोष्ट आणि भिववणारी गोष्ट यांच्यात त्या म्हाताऱ्या काही भेद करीत नसत. एकाच सुरात दोन्ही सांगत. हे त्या मुलाने नीट मनात ठेवले.

त्या काळी युरोपात नेपोलियनची युद्धे चालू होती आणि डेन्मार्कचा राजा नेपोलियनच्या बाजूचा होता. घरची ओढाताण संपावी म्हणून वडील पैसे घेऊन सैन्यात भरती झाले. प्रत्यक्ष लढाईचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. परंतु ते परतले ते खचलेली प्रकृती घेऊनच. एके हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी उमटली होती. तीत हात पसरलेल्या एका स्त्रीची आकृती दिसते असे वडिलांनी मुलाला दाखविले आणि ती आपल्याला न्यायला आली असावी, असे थट्टेने म्हटले. पुढे १८१६ साली वडील वारले, तेव्हा आईला ते बोलणे आठवले. बर्फाच्या त्या बाईनेच त्यांना नेले, असे तिने मुलाला सांगितले. हान्स त्या वेळी अकरा वर्षांचा होता. काचेवरील ती आकृती तो जन्मभर विसरला नाही. सुमारे अठ्ठावीस वर्षांनी तीच हिमराणी होऊन त्याच्या कथेत आली.

आता संसाराचा भार आईवर पडला. ती लोकांचे कपडे धुण्यासाठी नदीवर जाई. डेन्मार्कची थंडी कडक. तेथील नदीच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला यायची नाही. ती स्वतः फार दारिद्र्यात वाढली होती. लहानपणी तिला भीक मागण्यासाठी घराबाहेर घालवीत. हात पुढे करण्याचे धैर्य होत नसे आणि रिकाम्या हाताने घरी परतण्याची सोय नसे. म्हणून ती एका पुलाखाली दिवसभर रडत बसे. ही हकीकत तिने मुलाला सांगितली तेव्हा तोही ढसढसा रडला. आईला लिहितावाचता जवळजवळ येत नव्हते. तथापि मुलाला पुढे ज्या कथांनी मोठे केले त्यांतल्या कितीतरी कथांचे मूळ तिच्याजवळच सापडते.

हान्सला काही दिवस कापडाच्या कारखान्यात व नंतर तंबाखूच्या कारखान्यात कामाला घातले. त्याचा आवाज गोड होता. कामगार त्याला गायला लावीत, ऐकून खूश होत आणि मग त्याचीच क्रूर थट्टा करीत. तो रडत घरी आला आणि आईने त्याला पुन्हा तेथे पाठविले नाही. १८१९ साली चर्चमध्ये त्याचा धर्मदीक्षेचा विधी झाला. त्या प्रसंगी आयुष्यात प्रथमच त्याला नवे बूट मिळाले. चालताना ते करकर वाजत. सर्वांना ते ऐकू जात आहेत याचा त्याला आनंद झाला; पण देवाच्या दारी आपले चित्त बुटांकडे लागले, म्हणून मन खातही राहिले. मुलांच्या मनात एकाच वेळी अशा दोन गोष्टी नांदतात हे मोठी माणसे बहुधा विसरून जातात. अँडरसन विसरला नाही. त्याची ‘तांबडे बूट’ ही भयंकर कथा याच करकरीतून जन्मली.

आईच्या मनात त्याला शिंप्याच्या हाताखाली द्यायचे होते. हान्सने मात्र नाटकांत काम करण्याचा ध्यास घेतला होता. राजधानी कोपनहेगनला जाण्याचा हट्ट त्याने धरला, तेव्हा आईने एका भविष्य सांगणाऱ्या बाईला विचारले. हा मुलगा मोठा होईल आणि एक दिवस त्याच्यासाठी सारे ओडेन्स गाव दिव्यांनी उजळेल, असे भविष्य तिने वर्तविले. आईचे डोळे भरून आले आणि तिने परवानगी दिली. ६ सप्टेंबर १८१९ रोजी चौदा वर्षांचा हा उंच, हडकुळा मुलगा हातात कपड्यांचे बोचके आणि खिशात थोडीशी शिल्लक घेऊन कोपनहेगनला पोहोचला. तेथे त्याच्या ओळखीचे कोणीही नव्हते.

पुढील तीन वर्षांत त्याला किती दारांवरून परतावे लागले याची गणती नाही. राजनाटकगृहातील इटालियन गायनमास्तर सिबोनी यांना दया आली आणि त्यांनी त्याला गाणे शिकविण्यास सुरुवात केली. पण थोड्याच महिन्यांत वयाप्रमाणे आवाज फुटला आणि गाणे संपले. मग त्याने नाच शिकून पाहिला. १८२१ साली एका नृत्यनाट्यात त्याला राक्षसाचे बारीकसे काम मिळाले. जाहिरातीच्या कागदावर त्याचे नाव छापले गेले. तो कागद घेऊन तो अंथरुणात शिरला आणि मेणबत्तीच्या उजेडात आपले छापलेले नाव पाहत राहिला. परंतु नट होण्याचे काही त्याच्या नशिबी नव्हते. त्याने नाटके लिहून पाठविली, तीही परत आली. त्यांतील भाषा अशुद्ध होती. कारण शाळेत तो फारसा गेलाच नव्हता. मात्र नाटकगृहाचे एक संचालक योनास कॉलिन यांना त्या अशुद्ध लिखाणात काहीतरी चमक दिसली. त्यांनी राजाकडून पैशाची सोय करून त्याला १८२२ मध्ये स्लागेल्स गावच्या शाळेत धाडले.

सतरा वर्षांचा अँडरसन आता अकरा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसू लागला. मुख्याध्यापक मायस्लिंग हे विद्वान होते, पण जिभेचे फार कडवट. त्याच्या उंचीवर, त्याच्या चुकांवर, त्याच्या कवितेच्या नादावर ते सर्वांदेखत ताशेरे झाडीत. पुढे ते हेल्सिंगोर येथील शाळेवर गेले व त्याला बरोबर घेऊन गेले. अखेर १८२७ साली त्याच्या हालांची हकीकत कॉलिन यांच्या कानी गेली आणि त्यांनी त्याला तेथून सोडविले. पुढच्याच वर्षी तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उतरला. म्हातारपणीही मायस्लिंग त्याच्या स्वप्नात येत, असे त्याच्या रोजनिशीवरून दिसते. कॉलिन यांचे घर मात्र त्याचे दुसरे घर झाले आणि त्या घराच्या पुढच्या तीन पिढ्यांतील मुलांना त्याने गोष्टी सांगितल्या.

त्यानंतर त्याने कविता लिहिल्या, नाटके लिहिली, इटलीचा प्रवास केला. १८३५ साली त्याची इटलीवरील कादंबरी प्रसिद्ध होऊन देशात व जर्मनीत तिचे कौतुक झाले. त्याच वर्षी ८ मे रोजी त्याने एक लहानसे, एकसष्ट पानांचे पुस्तक काढले. मुलांसाठी सांगितलेल्या परीकथा असे त्याचे नाव होते. त्यात केवळ चार गोष्टी होत्या. चकमकीच्या डबीने तीन अजस्र कुत्र्यांना बोलावणारा शिपाई, धूर्त छोटा क्लाउस आणि मूर्ख मोठा क्लाउस, वीस गाद्यांखालील वाटाणा टोचणारी राजकन्या आणि रात्री नाचायला जाणारी फुले. यांपैकी पहिल्या तीन त्याने लहानपणी ऐकलेल्या लोककथांवरून रचल्या. चौथी त्याची स्वतःची होती. आपल्या एका मित्राच्या ईदा नावाच्या छोट्या मुलीला, फुले का कोमेजली हे समजावून सांगताना ती सुचली होती.

या छोट्या पुस्तकाने काय क्रांती केली, हे समजण्यासाठी त्या काळची मुलांची पुस्तके डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. ती बहुधा उपदेशासाठी लिहिलेली असत. आज्ञाधारक मुलाला बक्षीस आणि हट्टी मुलाला शिक्षा, हा त्यांचा ठरलेला शेवट. भाषा तर प्रवचनाची. अँडरसनने आपली कथा जशी तोंडाने सांगावी तशी कागदावर उतरवली. तिच्यात मध्येच हाका आहेत, उद्गार आहेत, दणदण पावले टाकीत येणारी वाक्ये आहेत. शिपायाच्या तिसऱ्या कुत्र्याचे डोळे केवढे, हे सांगताना तो कोपनहेगनमधील प्रसिद्ध गोल मनोऱ्याचे नाव घेतो. तो मनोरा त्या शहरातील प्रत्येक मुलाने पाहिलेला होता. मग त्या डोळ्यांचे माप सांगायला आणखी शब्द कशाला हवेत?

टीकाकारांना हे रुचले नाही. ही बोलण्याची भाषा छापण्याजोगी नव्हे, या कथांतून मुलांना काहीच बोध मिळत नाही, उलट झोपलेल्या राजकन्येला कुत्र्याच्या पाठीवर बसवून आणणारा शिपाई वाचून त्यांना वाईट वळण लागेल, असे त्यांनी लिहिले. असल्या कथा लिहिण्यात वेळ दवडू नये, असा सल्लाही त्याला देण्यात आला. विद्युत्प्रवाहाचा चुंबकावर होणारा परिणाम शोधून काढणारा थोर शास्त्रज्ञ ओर्स्टेड हा अँडरसनचा मित्र होता. त्याचे मत अगदी उलट पडले. कादंबरी अँडरसनला प्रसिद्ध करील, पण या कथा त्याला अमर करतील, असे त्याने भाकीत केले. साहित्याच्या पारख्यांपेक्षा या शास्त्रज्ञाची नजर अधिक अचूक ठरली, हे नमूद केले पाहिजे.

१८३७ साली ‘छोटी जलपरी’ आणि ‘बादशहाचा नवा पोशाख’ या दोन कथा प्रसिद्ध झाल्या. पोशाखाची कथा मूळची एका जुन्या स्पॅनिश ग्रंथातील होती. लबाड विणकर बादशहाला अदृश्य कापडाचा पोशाख चढवतात आणि मूर्ख ठरण्याच्या भीतीने सारे दरबारी त्याची स्तुती करतात, हा तिचा विषय. अँडरसनच्या पहिल्या लेखनात मिरवणूक तशीच वाजतगाजत संपत होती. छपाईचे खर्डे तयार झाल्यावर त्याला काहीतरी उणे वाटले आणि त्याने शेवट बदलला. गर्दीतील एक लहान मूल बादशहाच्या अंगावर काहीच नसल्याचे बोलून टाकते, हा भाग त्याने त्या वेळी जोडला. आज ही कथा ज्या एका वाक्यासाठी जगभर ओळखली जाते, ते असे शेवटच्या घटकेला आले. ते वाक्य त्याने मोठ्या माणसाच्या तोंडी घातले नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

‘छोटी जलपरी’ मात्र हसवणारी नाही. राजपुत्रासाठी ती आपला आवाज देऊन टाकते, पाऊल टाकताना सुरीवर चालल्यासारख्या वेदना सोसते आणि शेवटी राजपुत्र तिला मिळतही नाही. परीकथेचा शेवट लग्नाने होणार असे समजणाऱ्या वाचकाला येथे धक्का बसतो. पुढच्या वर्षीचा एकपायी कथलाचा शिपाई विस्तवात वितळून जातो. १८४३ साली आलेल्या ‘कुरूप पिल्लू’ या कथेचा शेवट गोड आहे खरा. पण त्या पिलाला टोचा, हिसके आणि थंडीत गोठण्याची पाळी यांतून आधी जावे लागते. कारखान्यातले आणि शाळेतले दिवस अँडरसनने त्या पिसांखाली झाकून ठेवले आहेत. ही कथा ज्या पुस्तकात होती त्याची पहिली आवृत्ती वर्ष संपण्यापूर्वीच खपली. याच पुस्तकापासून त्याने शीर्षकातील मुलांचा उल्लेख गाळला. मुले ऐकत असतात तेव्हा त्यांचे आईबापही जवळपास असतात आणि त्यांनाही विचार करण्याजोगे काही मिळाले पाहिजे, अशी त्याची धारणा होती.

१८४५ साली तो ग्रोस्टेन येथील एका वाड्यात पाहुणा म्हणून राहिला होता. वाडा ऐश्वर्याने भरलेला, भोवती मेजवान्या चाललेल्या. तेथे त्याला एका पंचांगाच्या प्रकाशकाचे पत्र आले. सोबत तीन चित्रे होती. यांपैकी कोणत्याही एकावर कथा लिहून पाठवावी, अशी विनंती होती. त्यांतील एक चित्र लुंडबी या चित्रकाराने काढलेले होते. त्यात काड्या विकणारी एक गरीब मुलगी दाखवली होती. अँडरसनने तेच निवडले. बहुधा ती मुलगी त्याच्या ओळखीची होती; पुलाखाली रडत बसलेली त्याची आई याच वयाची नव्हती काय? वर्षाच्या अखेरच्या रात्री काड्या न खपल्यामुळे घरी जायला भिणारी ती मुलगी उबेसाठी एकेक काडी ओढते. प्रत्येक ज्योतीत तिला काहीतरी सुंदर दिसते. शेवटी तिची मेलेली आजी दिसते आणि सकाळी लोकांना ती भिंतीशी गारठून मेलेली आढळते. तिच्या मुखावर हसू असते. एखादा श्रीमंत गृहस्थ येऊन तिला घरी नेतो, असा शेवट करणे त्याला अवघड नव्हते. त्याने तो केला नाही. नववर्षाच्या दिवशी सणाच्या घरात बसून ती कथा वाचणाऱ्यांना, बाहेर भिंतीशी कोण बसले आहे हे पाहावे लागले.

पुष्कळ पालकांना अशा कथा मुलांच्या हाती देणे धोक्याचे वाटे आणि आजही वाटते. काही भाषांतरकारांनी तर शेवट बदलूनही टाकले. पण दुःख ज्या मुलांच्या घरीच राहायला आलेले असते, त्यांच्यापासून ते पुस्तकात लपवून काय साधणार? अकराव्या वर्षी बापाचे प्रेत पाहिलेल्या अँडरसनला हे कोणी शिकवावे लागले नाही. त्याच्या कथेत मृत्यू येतो, परंतु तो एकटा येत नाही. त्याच्या शेजारी आजी असते, उजेड असतो, एखादे गाणे असते. १८४७ च्या ‘एका आईची कथा’ या गोष्टीत मृत्यू लहान मूल घेऊन जातो आणि आई त्याच्या मागोमाग चालत जाते. वाटेत ती आपले डोळे देते, काळे केस देते. अँडरसनच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळी या एकाच कथेचे पंधरा भाषांतील पुस्तक निघाले.

आईवरही त्याने कथा लिहिली. पण ती निराळ्या प्रकारे. नदीच्या थंड पाण्यात राबणाऱ्या बायका ऊब यावी म्हणून दारूचा घोट घेत. हान्स लहान असताना अशाच एका धोबिणीला कोणीतरी निकामी म्हटले होते. ती किती कष्ट करते हे सांगून त्याच्या आईने तिची बाजू घेतली होती. पुढे खुद्द आईलाही ते व्यसन जडले. १८३३ साली ती ओडेन्स येथे एकाकी वारली तेव्हा मुलगा दूर इटलीत होता. १८५२ साली त्याने एका धोबिणीची कथा प्रसिद्ध केली. गावचा प्रमुख तिला कवडीमोल ठरवतो आणि कथा संपते तेव्हा त्या निवाड्यापुढे मान खाली घालण्याची पाळी वाचकावर येते. आईचे नाव त्यात कोठेही नाही.

इतक्या उदास कथा लिहिणारा मनुष्य मुलांत बसला की मात्र अगदी वेगळा दिसे. त्याच्याजवळ एक मोठी कात्री असे. गोष्ट सांगता सांगता तो घडी घातलेला कागद कापीत जाई. कागदातून काय निघणार हे कोणालाच कळत नसे. गोष्ट संपली की तो कागद उलगडी, आणि पाहावे तो नाचणाऱ्या मुली, राजहंस, वाडे, झाडे सारी एका रांगेत हातात हात घालून उभी! कधी कधी त्याच गमतीच्या रांगेत फासावर लटकणारा माणूसही निघे. बापाने शिकवलेली ही विद्या त्याने जन्मभर जपली. त्याने कापलेली शेकडो चित्रे आजही जतन केलेली आहेत. लहान मुलांसाठी तो चित्रांची वह्याही तयार करी. कॉलिन यांचे जावई द्रेव्सन आणि तो असे दोघे मिळून जुन्या मासिकांतील चित्रे कापून, रंगवून वहीत चिकटवीत आणि अँडरसन त्यांच्याखाली गमतीदार ओळी लिही. अशी एक वही त्यांनी १८५९ मध्ये द्रेव्सन यांची नात क्रिस्टीन हिच्यासाठी केली. जे मूल अजून वाचू शकत नाही त्याच्यासाठी मृत्यूचा प्रश्न नसतो. त्याला पान उलटल्यावर काय दिसेल एवढेच हवे असते. हेही अँडरसन जाणून होता.

त्याच्या छापील पुस्तकांत १८४९ पर्यंत चित्रे नसतच म्हटले तरी चालेल. त्या साली पेडरसन नावाच्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याने काढलेल्या चित्रांसह कथांची आवृत्ती निघाली. ही चित्रे साधी व शांत आहेत. डेन्मार्कची मुले कित्येक पिढ्या त्या चित्रांतूनच जलपरी आणि पिल्लू पाहत आली. १८४६ पासून कथांची इंग्रजी भाषांतरे निघू लागली होती आणि तेथून त्या जगभर पसरल्या. मराठी मुलांपर्यंतही त्या प्रथम इंग्रजीच्याच वाटेने आल्या.

अँडरसनला स्वतःचे घर नव्हते, लग्न नव्हते. तो सतत प्रवास करी. आगीची त्याला इतकी धास्ती की खिडकीतून उतरता यावे म्हणून तो सामानात दोर बाळगी. स्तुतीने तो हरखे, टीकेने रडे. १८५७ साली तो इंग्रज कादंबरीकार डिकन्स याच्याकडे दोन आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. यजमान कंटाळून गेला. पाहुण्याला मात्र त्याचा पत्ता लागला नाही.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्स शहराने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. शाळांना सुट्टी मिळाली, रस्ते दिव्यांनी उजळले, मशाली घेतलेली मिरवणूक त्याच्या खिडकीखाली आली. आईला सांगितलेले भविष्य अठ्ठेचाळीस वर्षांनी खरे झाले होते. परंतु त्या वेळी अँडरसनची दाढ असह्य ठणकत होती. उघड्या खिडकीतून थंड वारा येत होता आणि गाणे संपायला किती कडवी उरली आहेत, हे तो हातातील कागदावर मोजीत होता. हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

शेवटच्या वर्षी अमेरिकेतील मुलांनी, हा म्हातारा लेखक गरिबीत आहे असे ऐकून, आपल्या खाऊच्या पैशांतून त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली. तो गरीब नव्हता. पण मुलांचे प्रेम पाहून त्याला गहिवरून आले. आपल्याला गरज नाही, असे त्याने कळविले. ४ ऑगस्ट १८७५ रोजी कोपनहेगनजवळ एका स्नेह्याच्या घरी त्याचे निधन झाले. जोडे शिवणाऱ्याच्या या मुलाच्या अंत्ययात्रेला स्वतः राजा हजर होता. त्याच्या दीडशेहून अधिक कथा मागे राहिल्या. १९६७ पासून त्याचा जन्मदिवस जागतिक बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो.

तो जिवंत असतानाच त्याचा पुतळा उभारण्याचे ठरले होते. सोब्यू या शिल्पकाराने नमुना आणून दाखविला. त्यात मुले त्याच्या अंगावर रेलून, पाठीशी वाकून गोष्ट ऐकत होती. तो पाहून अँडरसन संतापला. पाठीशी कोणी उभे असताना आपण कधीच वाचीत नाही, आणि आपण काही केवळ लहान मुलांसाठी लिहिलेले नाही, असे त्याने शिल्पकाराला बजावले. सोब्यूने मुले काढून टाकली. १८८० साली कोपनहेगनच्या राजबागेत तो पुतळा बसविण्यात आला. एका हातात पुस्तक धरून अँडरसन तेथे बसलेला आहे. समोरची जागा मोकळी आहे. तेथे लहानांनी उभे राहावे की मोठ्यांनी, हे शिल्पकाराने ठरविलेले नाही.